मटण स्ट्रीट आणि शुक्रवारचा बाजार: जुना माल तपासायचा कसा?

भिंगरी

मुंबईच्या चोर बाजारावरचे लेख 'शोर'चा 'चोर' कसा झाला इथून सुरू होतात आणि 'घासाघीस करायला विसरू नका' इथे संपतात. वस्तू हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं, ते मात्र कुठे सापडत नाही. ते इथे एका जागी जमवूया. ज्याला ज्यातलं कळतं त्यानं तेवढ्यावरच लिहावं. किस्से आणि आठवणी नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

आधी वेळेचा घोळ मिटवते, कारण एकाच नावाखाली दोन बाजार आहेत. सरदार वल्लभभाई पटेल रस्ता आणि मौलाना शौकत अली रस्ता यांच्यामधली मटण स्ट्रीट म्हणजे कायमची दुकानं. साधारण अकराला उघडतात, सातच्या सुमारास बंद होतात, आणि शुक्रवारी सुट्टी. दुसरा तो जुमा बाजार. दुकानं बंद त्याच दिवशी आसपासच्या रस्त्यांवर चादरी अंथरून भरतो. पहाटे अंधारातच सुरू होतो आणि नऊ-दहाला आवराआवर. शुक्रवारी दुपारी बारा वाजता जाऊन 'काहीच नव्हतं' म्हणणाऱ्यांनी घड्याळाला दोष द्यावा.

शुक्रवारी पहाटेचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मटण स्ट्रीटचे दुकानदार आणि त्यांचे कारागीर. फूटपाथवरचं सुटं झाकण, नुसता दांडा, बिनकाट्याचं घड्याळ ते उचलतात. तेच पुढे पुसून, जोडून दुकानात लागतं. हे डोक्यात ठेवलं की पुढचं बरंच समजायला सोपं जातं.

पोचायला ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून चालत पंधरा-वीस मिनिटं. मध्य आणि हार्बरवाल्यांना सँडहर्स्ट रोड जवळ. खूण विचारायची तर 'दो टाकी' विचारा. गाडी घेऊन जाऊ नका.

बरोबर काय न्यायचं: कपाळाला लावायची विजेरी (दोन्ही हात मोकळे राहतात), छोटं पण जोरकस लोहचुंबक, दहापट मोठं दाखवणारं भिंग, खिशातला वजनकाटा, मोजपट्टी, जुनी वर्तमानपत्रं, जाड कापडी पिशवी आणि शंभर-दोनशेच्या नोटा. क्यूआर कोड आता चादरीवरही असतो, पण रोख दिसली की शेवटचे पन्नास-शंभर रुपये सुटतात.

तबकडीवाला

चांगला धागा. ग्रामोफोनपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात.

चकचकीत पितळी भोंगा, खाली चौकोनी किंवा अष्टकोनी खोका आणि त्यावर कुत्र्याचा भलामोठा बिल्ला. मटण स्ट्रीटवर हे यंत्र रांगेनं मांडलेलं दिसेल. जवळजवळ प्रत्येक वेळी ते हल्ली जुळवलेलं असतं. आतलं चावीचं यंत्र कुठल्यातरी मोडक्या पेटीग्रामोफोनचं (बाहेर भोंगा नसलेला, झाकणाच्या पेटीतला), खोका नवा, भोंगा पातळ पत्र्याचा. ओळखायच्या खुणा अशा. भोंगा आणि ध्वनिपेटी (सुई बसते तो गोल डबा) यांना जोडणारी नळी बेढब जाड असते आणि वळणावर डाग दिलेला, म्हणजे धातू वितळवून सांधलेला, दिसतो. बिल्ला प्रमाणाबाहेर मोठा आणि ताजा. खोक्याचे स्क्रू चार फाट्यांचे, म्हणजे 'प्लस'चे. भोंगेवाल्या यंत्रांच्या काळात एकाच खाचेचा स्क्रू असायचा. दिवाणखान्यात शोभेला ठेवायचं असेल तर खुशाल घ्या, फक्त शोभेच्या वस्तूचाच भाव द्या.

वाजवायलाच हवा असेल तर पेटीवाला घ्या. एचएमव्हीचं १०२ हे मॉडेल १९३१ पासून कैक वर्षं निघालं, त्यामुळे ते अजून सापडतं आणि त्याचे सुटे भागही मिळतात. तपासणी दुकानातच करायची:

चावी हळूहळू भरा. हाताला ताण वाढत गेला पाहिजे. चावी नुसतीच फिरत राहिली तर स्प्रिंग तुटलेली. वाजताना मधेच 'धप' असा आवाज येऊन वेग हलला तर स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस सुकून दगड झालंय. हे दुरुस्त होतं, पण डबा उघडणं घरी करायचं काम नाही. ती स्प्रिंग सुटली तर बोटं कापते.

थाळीच्या कडेवर कागदाचा कपटा चिकटवा आणि मोबाइलवर मिनिट लावून फेरे मोजा. वेगाचा काटा फिरवून ७८ च्या आसपास आणता आला पाहिजे, आणि दहा इंची तबकडीची एक पूर्ण बाजू संपेपर्यंत वेग उतरता कामा नये.

ध्वनिपेटी हातात घेऊन मागचा धातूचा भाग बघा. काही ध्वनिपेट्यांत तो जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. वर्षं गेली की तो फुगतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि मग तो हात लावताच तुकडे होऊन पडतो. फुगलेला दिसला तर ध्वनिपेटीची किंमत शून्य धरा.

आणि सुई. पोलादी सुई तबकडीच्या एका बाजूला एक. लाखेच्या तबकडीत मुद्दाम खरखरीत पूड मिसळलेली असते, ती सुईचं टोक झिजवून खाचेच्या मापाचं करते. तीच सुई दुसऱ्या बाजूला लावली की झिजलेल्या टोकाची धारदार कड खाच कातरत जाते. दुकानदार एकाच सुईवर दहा तबकड्या वाजवून दाखवतो. आपली तबकडी नेली असेल तर सुई बदलायला लावा. सुयांची डबी खिशात असलेली बरी.

आळशी_वाचक

वाचनखूण साठवली. एक शंका: जुन्या मराठी नाट्यगीतांच्या तबकड्या तिथे मिळतात का? आणि घरच्या नव्या रेकॉर्ड प्लेयरवर चालतील का?

तबकडीवाला

मिळतात, पण शोधाव्या लागतात. हिंदी चित्रपटगीतांचा ढीग वर आणि मराठी, गुजराती, कर्नाटकी खाली. लेबल वाचत बसायचं. एचएमव्ही, ओडियन आणि आपल्या मुंबईचीच 'यंग इंडिया' ही नावं दिसतील. तबकडी दोन बोटांच्या टोकांवर आडवी धरून विजेरीचा झोत तिरका टाका. काळी आणि चमकदार ती चांगली, राखाडी पडलेली ती झिजलेली. कडेपासून आत गेलेली केसासारखी भेग नखाला लागते आणि दर फेऱ्याला 'टक' वाजते. भेग गाण्याच्या खाचांपर्यंत पोचली असेल तर सोडून द्या.

नव्या प्लेयरवर ७८ चा वेग असला तरी सुई वेगळी लागते. एलपीच्या, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकडीच्या, सुईचं टोक साधारण ०.७ सहस्रांश इंचाचं, ७८ च्या तबकडीला सुमारे ३ सहस्रांश. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. उलटा प्रकार तर कधीच करू नका. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावली की एका फेरीत तिचं वाटोळं.

धुताना स्पिरिट अजिबात नको, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि लेबल कोरडं ठेवायचं.

काटेकोर

घड्याळांबद्दल लिहितो. परदेशातल्या घड्याळशौकिनांच्या मंडळांत 'मुंबई स्पेशल' असा शब्दच आहे आणि तो कौतुकाचा नाही. जुन्या स्विस किंवा एचएमटी यंत्रावर नव्याने रंगवलेली तबकडी, मिळतील ते काटे आणि मिळेल ती केस, असा त्याचा अर्थ.

खुणा भिंगाखाली बघाव्यात. नारिंगी, पिरोजी, पोपटी असे भडक रंग असतील तर आधीच सावध व्हावे. अक्षरांच्या कडा फुटलेल्या किंवा एका ओळीत नसलेल्या असतात. मिनिटाचा काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नाही किंवा त्यांच्या पुढे जातो, कारण तो दुसऱ्याच घड्याळाचा असतो. स्विस घड्याळात सहाच्या आकड्याखाली अगदी कडेला बारीक 'स्विस मेड' असते. रंगवणारा ते बहुधा गाळतो किंवा भलत्या जागी टाकतो. फाव्र-ल्यूबा या स्विस कंपनीचा भारताशी व्यापार १८६५ पासूनचा, त्यामुळे तिची जुनी घड्याळे इथे विपुल आणि रंगवलेलीही तितकीच.

एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे काढायला सुरुवात केली. २०१६ मध्ये घड्याळांचा विभाग बंद करायचे ठरले आणि 'जनता', 'पायलट' यांना एकदम भाव आला. भाव आला की रंगारी कामाला लागतात. काळ्या तबकडीची 'पायलट' आणि देवनागरीतली 'जनता' घेताना दुप्पट तपासावे.

मागचे झाकण उघडून दाखवायला सांगावे. उघडत नसेल तर घेऊ नये. आत यंत्रावर कंपनीची खूण आहे का, गंज आहे का, स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या आहेत का हे बघावे. ओरबाडलेल्या खाचा म्हणजे अनेक हात लागून गेले. मग चावी द्यावी, वेळ लावावी आणि मोबाइलच्या सेकंदाशी जुळवून दहा मिनिटे ठेवावे. सेकंदकाटा पळतो पण मिनिटकाटा मागेच राहतो, असे झाले तर काटे धरणारी नळी सैल आहे. ते काम किरकोळ. सेकंदकाटाच अडखळत असेल तर सफाई आणि तेलपाणी हा खर्च किमतीत धरावा.

सुतारपक्षी

काटेकोर, एक विचारतो. जुळवलेला म्हणजे खोटा, असं तुम्ही दोघं धरून चालला आहात का? फर्निचरमध्ये तसं म्हटलं तर मटण स्ट्रीट बंदच करावी लागेल. पडलेल्या वाड्यांमधून आणि चाळींमधून लाकूड येतं, त्याच्या दारांचं टेबल होतं, तुळईचं बाकडं होतं. लाकूड शंभर टक्के जुनं, वस्तू कालची. यात फसवणूक कुठे?

काटेकोर

दुकानदाराने 'जुन्या लाकडाचे नवे टेबल' असे सांगितले तर नाही. 'इंग्रजांच्या काळातले टेबल' म्हणून सांगितले तर आहे. घड्याळातही तेच. 'तबकडी रंगवलेली आहे' असे सांगून विकणारे दुकानदार त्या गल्लीत आहेत, आणि त्यांच्याकडूनच घ्यावे. सरळ प्रश्न विचारावा, 'इसमें क्या क्या ओरिजिनल है?' 'सब ओरिजिनल' हे उत्तर आले की आपण जास्त तपासायचे.

सुतारपक्षी

पटलं. मग फर्निचरचं लिहितो.

बर्मा सागवान म्हणून जे दाखवतात त्याचं वजन आणि कापलेली कड बघा. पॉलिश सगळीकडे पोचत नाही. ड्रॉवरच्या तळाची खालची बाजू, कपाटाची पाठ, टेबलाच्या फळीची आतली बाजू इथे उघडं लाकूड दिसतं. जुन्या सागाचा तिथे मातकट तपकिरी रंग आलेला असतो आणि रंध्याचे हलके खड्डे हाताला लागतात. तिथे प्लायवूड किंवा पिवळट ताजं लाकूड असेल तर तो भाग नवा.

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्याचे जोड एकसारखे, यंत्रात कापल्यागत असतील तर अलीकडचे. हातानं कापलेल्या जोडाच्या पाकळ्या थोड्या लहानमोठ्या असतात आणि करवतीपूर्वी मारलेली आखणीची रेघ अजून दिसते. ड्रॉवर सरकतो तिथे खालची कड झिजलेली हवी. पन्नास वर्षं वापरलेला ड्रॉवर झिजतोच. नसेल झिजला तर ते फर्निचर वापरातलं नव्हे, बनवलेलं.

कीड: भोकं असणं वाईट नाही, भोकाखाली ताजी पिवळी भुकटी असणं वाईट. दुकानात भुकटी झाडून ठेवतात, म्हणून वस्तू दोनदा ठोका आणि खाली वर्तमानपत्र धरा. भुकटी पडली तर किडा आत जिवंत आहे. तो घरातल्या इतर लाकडातही जाईल.

आरसेवाली कपाटं आणि गोल कडेचे बेल्जियन म्हणून सांगितले जाणारे आरसे यात माझं डोकं चालत नाही, जाणकारांनी लिहावं. आणि टेम्पोचं भाडं आधी ठरवा. माल एकदा बाहेर काढला की हातगाडीवाल्याचा, चढवणाऱ्याचा आणि टेम्पोचा असे तीन वेगळे आकडे कानावर पडतात.

ठोकळेबाज

सुतारकाका, +१. पितळ-तांब्याबद्दल कोणी लिहा ना. समई आणि तांब्याचा बंब शोधतेय, दोन्ही वापरायला.

कल्हईवाली

ताई, वापरायला हवं असेल तर तपासणी जरा वेगळी.

चुंबक पहिलं. चिकटलं तर लोखंडावर पितळी मुलामा. पण चिकटलं नाही म्हणजे पितळच असं धरू नका, जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. बुडाशी, न दिसणाऱ्या जागी, कानशीचा एक ओरखडा मारायला परवानगी मागा. आत पिवळं दिसलं तर पितळ, पांढुरकं दिसलं तर नाही.

समई नेहमी उघडून बघा. बैठक, दांड्याचे तुकडे, तेलाचं तबक आणि वरचा मोर किंवा कळस हे सगळे आट्यांवर बसतात. जुळवलेल्या समईत एखादा तुकडा दीड फेऱ्यातच अडतो किंवा गदगदा हलतो, कारण आटे दुसऱ्या समईचे. कापसाची वात आणि तेल घालून वापरायची तर तबकात पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा. मधल्या भोकाशी डाग सुटलेला असला की तेल दांड्यावरून खाली उतरतं. सपाट फरशीवर ठेवून बोटानं ढकलून बघा, डुलणारी समई पेटवायला धोक्याची.

जुनेपणाचा हिरवा रंग सगळीकडे सारखा आणि पुसल्यावर बोटाला लागणारा असेल तर तो औषधानं आणलेला. खरा काळपटपणा खाचांमध्ये जाड आणि हात लागतो तिथे पातळ असतो. आट्यांच्या आत बघा, तिथे झळझळीत पिवळं असेल तर समई नवी.

बंबाचं: मधल्या उभ्या नळीत कोळसे किंवा ढलप्या पेटतात आणि भोवती पाणी. गळती होते ती जवळजवळ नेहमी या नळीच्या आणि बुडाच्या जोडाशी. म्हणून बंब काठोकाठ भरा, खाली कोरडं वर्तमानपत्र घाला आणि पंधरा मिनिटं गल्लीतलं बाकी बघून या. कागदावर ओला गोल उमटला तर डाग पुन्हा द्यावा लागणार. तोटी बहुतेक वेळा बदललेली असते, त्याचं काही वाटून घेऊ नका. नळीत हात घालून तळाची जाळी शाबूत आहे का बघा. घरी आणल्यावर पाणी न भरता कधीही पेटवू नका, डाग वितळून सगळंच निखळतं.

कल्हई स्वयंपाकाच्या भांड्याला लागते. पातेली, तपेली, लंगडी अशी भांडी घेतली तर जुन्या कल्हईवर जाऊ नका, नवी करून घ्या. भांडं तापवून नवसागर टाकून साफ होतं आणि मग शुद्ध कथील कापसानं फिरवतात. आधीच्या थरात शिसं मिसळलेलं असू शकतं. पांढऱ्या कागदावर आतली बाजू घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर संशय घ्या आणि ते भांडं जेवणाला वापरू नका.

भाव: पितळ-तांब्याचा त्या दिवसाचा मोडीचा दर निघण्याआधी विचारून ठेवा. साध्या घागरी-हंड्याला त्या दरावर थोडं चढवून द्यायचं. कोरीव काम असेल तर वजनाचा हिशेब लागू नाही.

चिनी मातीच्या बरण्या तिथेच शेजारी असतात. नाण्यानं टकटक करा. खणखणीत वाजली तर अखंड, भद्द वाजली तर भेगाळलेली. चहाच्या रंगाची रेघ आतून दिसली तर लोणचं त्या भेगेतून बाहेर येणार.

पडद्यामागे

चित्रपटांची पोस्टरं आणि इनॅमलचे जाहिरातफलक, दोन्हींवर थोडं.

पोस्टरात सगळ्यात खात्रीची खूण अक्षरांत आहे. भिंगाखाली चित्रात ठिपके दिसले म्हणून ते पुनर्मुद्रण ठरत नाही. जुनी ऑफसेट पोस्टरंही ठिपक्यांचीच असतात. नावाची अक्षरं बघा. मूळ पोस्टरात अक्षर भरीव शाईचं, कड धारदार. पोस्टर स्कॅन करून पुन्हा छापलं असेल तर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात आणि कड भुरभुरीत दिसते. शिळाछापाच्या जुन्या पोस्टरात ठिपक्यांची जाळी नसते, खडूसारखा दाणा असतो.

दुसरी खूण घड्यांची. मूळ पोस्टरं चित्रपटगृहांना घडी करून जायची. घडीवर शाई उडून पांढरा कागद दिसतो. पुनर्मुद्रणात घडीची रेघसुद्धा छापलेली असते. वरून बोट फिरवा, सपाट लागलं तर छापील घडी. नेहमीचं मोठं माप ३० × ४० इंच. फार जाड, गुळगुळीत कागद असेल तर तो मूळचा नाही. पारदर्शक चिकटपट्टी लावलेलं पोस्टर घेऊ नका, चिकटपट्टीचा पिवळा डाग निघत नाही.

इनॅमलच्या फलकाला चुंबक चिकटलंच पाहिजे, आत लोखंडी पत्रा असतो. प्रत्येक रंग वेगळा भाजलेला म्हणून रंग बदलतो तिथे नखाला बारीक पायरी लागते. मागची बाजूही इनॅमलचीच हवी. टवका उडालेल्या जागी जुना गंज काळपट आणि घट्ट असतो, नवा गंज नारिंगी आणि बोटाला लागतो. खोट्या फलकावर टवके छान विखुरलेले असतात. खऱ्यावर ते स्क्रूच्या भोकांभोवती आणि कोपऱ्यांवर, म्हणजे जिथे हातोडा लागला तिथेच असतात.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून विचारतोय. डिसेंबरात येणार आहे, परत जाताना पितळी मूर्ती आणि एखादी पोथी न्यायची आहे. विमानतळावर अडवतात असं ऐकलं.

कलम_कसाई

पोथीचं विसरा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावशेष धरली जाते. महत्त्वाच्या हस्तलिखितांना मर्यादा ७५ वर्षांचीच. अशा गोष्टी कोणाही खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, मग आजोबांकडून आलेल्या असोत की विकत घेतलेल्या. देशातल्या देशात विकायलाही विक्रेत्याला परवाना लागतो, आणि मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं यांची नोंदणी करावी लागते.

मूर्ती नवी पण जुनी दिसणारी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला घ्या. वस्तू आणि फोटो दाखवावे लागतात, वेळ लागतो. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात धावाधाव केली तर मिळणार नाही. दुकानदार देतो ती 'हॅंडीक्राफ्ट'ची पावती चालेलच असं नाही, तरी वर्णनासह पावती घ्याच.

धाग्यावर असतानाच बाकीचं. हस्तिदंताचं काहीही घेऊ नका, 'जुनं आहे' हे उत्तर कायद्यात चालत नाही. वाघनखाचं लॉकेट, सांबरशिंगं, कातडी यांचंही तेच. आणि चोरीचा माल: तो चोरीचा आहे हे ठाऊक असून किंवा तसं मानायला सबळ कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. जुना मोबाइल घ्यायचाच असेल तर *#०६# दाबून आयएमईआय (त्या मोबाइलचा स्वतंत्र ओळखक्रमांक) काढा, 'केवायएम', एक जागा आणि तो क्रमांक असा संदेश इंग्रजी अक्षरांत १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीत असेल तर कळतं. पावती आणि खोका नसलेला मोबाइल मी तरी कोणाला घ्या म्हणणार नाही.

सातासमुद्रापार

आभार. समई नेतो मग, नवीच.

तोळामासा

नाण्यांवर दोन ओळी, कारण व्हॉट्सॲपवरचं ज्ञान इथे फार पोचतं. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि मागे रामदरबार किंवा मारुती असलेलं '१८१८' चं नाणं कंपनीनं कधीही पाडलं नाही. ते देवळाबाहेर विकायचं टोकन आहे. त्याच धर्तीवर १६१६, १७१७ ही सालंही दिसतील. गमतीखातर घ्यायचं तर घ्या, लाखाची स्वप्नं पाहू नका.

चांदीच्या रुपयाला वजनकाटा पुरतो. राणी छाप आणि राजा छाप रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. झिजून थोडा कमी भरेल, पण साडेदहा भरला तर परत द्या. कडेच्या रेघांमध्ये आडवी शिवण दिसली तर ओतीव खोटा. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणूनच तो चादरीवर दिसला तर खोटा धरूनच चाला. शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) मात्र विपुल आहे, त्यामुळे 'दुर्मिळ' म्हणून चढा भाव देऊ नका.

आळशी_वाचक

सगळं झालं, पण किमती कोणीच लिहीत नाहीये. पेटीवाला ग्रामोफोन कितीला?

भिंगरी

मुद्दाम नाही लिहीत. आकडा इथे लिहिला की दोन महिन्यांत शिळा होतो, आणि गिऱ्हाईक मोबाइलवर तो दाखवत दुकानात उभं राहतं. त्यापेक्षा भाव करायची रीत लिहिते.

आधी पूर्ण गल्ली एकदा रिकाम्या हातानं फिरा. तीच वस्तू चार दुकानांत दिसली तर ती नव्यानं बनते आहे, हे आपोआप कळतं आणि भावही कळतो. हवी ती वस्तू पहिल्यांदा उचलू नका, शेजारची उचलून विचारा. चादरीवर सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात चालते. दुकानात तसं केलं तर बोलणंच थांबतं, तिथे निम्म्याच्या थोडं वर. दोन-तीन वस्तू एकत्र करून एकच आकडा मागितला तर जास्त सुटतं. दोष दाखवायचे तर तपासून दाखवा: 'स्प्रिंग धप वाजतेय' याला किंमत आहे, 'महाग आहे' याला नाही. आणि एकदा आकडा तोंडातून काढला, समोरच्यानं 'ले जाओ' म्हटलं, की पैसे द्यायचेच. बोहनीच्या वेळी भाव करून न घेता निघून जाणं तिथे फार वाईट दिसतं.

छायाचितारी

कॅमेऱ्यांचं राहिलं, थोडक्यात. भिंगाच्या मागून विजेरी मारून समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. मुंबईच्या हवेत ती होतेच, काचेवर कोरली गेली असेल तर निघत नाही. शटर एक सेकंदावर लावून ऐका. जुना शटर वेगात नीट चालतो आणि एक सेकंदावर अडकतो. भात्याच्या कॅमेऱ्यात विजेरी आत घालून अंधारात भाता ताणा, घड्यांच्या कोपऱ्यांतून चांदणं दिसेल. बॅटरीच्या खणात हिरवं साचलं असेल तर तारा गेल्यात. प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालणारा असेल तर आजच्या १.५ व्होल्टच्या सेलवर तो चुकीचं माप देईल.

शिकायला स्वस्त हवा तर बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक-३ बघा. १२० ची फिल्म अजून मिळते, एका रिळात बारा फोटो. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाहीच.

ठोकळेबाज

पावसाळ्यात शुक्रवारी जाण्यात अर्थ आहे का?

सुतारपक्षी

कागद, पोस्टरं, कॅमेरे त्या दिवसांत बाहेर निघत नाहीत. पितळ, लोखंड, हत्यारं निघतात, आणि गिऱ्हाईक कमी म्हणून भाव उतरतो. बंब घ्यायला जुलै उत्तम. फर्निचर मात्र पावसाळ्यात घेऊ नका. लाकूड फुगलेलं असतं, त्यामुळे सैल जोड घट्ट वाटतात आणि हलणारी खुर्ची शहाण्यासारखी उभी राहते. डिसेंबरात तीच घरी कुरकुरायला लागते. पावसाळ्यात घेतलीच तर प्रत्येक जोडाशी वाळलेला पांढरा गोंद उघडा पडलाय का तेवढं बघा.

भिंगरी

यात एक भर: रमजानच्या महिन्यात दुकानांच्या वेळा बदलतात आणि संध्याकाळी मोहम्मद अली रोडकडच्या गर्दीत बंब घेऊन चालता येत नाही. त्या महिन्यात सकाळी अकरा-बाराच्या सुमारास जा. भेंडी बाजाराच्या पुनर्विकासात जुन्या इमारती गेल्यात आणि काही दुकानं हललीत, त्यामुळे जुन्या ब्लॉगवरचा पत्ता घेऊन गेलात तर गल्लीत कोणालाही वस्तूचं नाव सांगून विचारा. 'समई' म्हटलं की तीन बोटं तीन दिशांना जातील, त्यातली सगळ्यात जवळची आधी बघा.